गाडीचं अस्तर

४ ऑगस्ट

वहिनी,

सप्रेम नमस्कार असं लिहिणार होते, पण नमस्कार तू परत पाठवशील आणि प्रेमाचं नाव काढलं की तुला राग येतो, म्हणून सरळ कामाचं लिहिते. फोन तू उचलत नाहीस. उचललास तर "गाडी विकली का" एवढं विचारून ठेवून देतेस. पत्राचं तसं नसतं. पोस्टमनने ते तुझ्या बहिणीच्या हातात दिलं की ती विचारणार, काय म्हणते नणंद? मग तिला उत्तर द्यायला का होईना, तुला ते वाचावं लागेल.

तर गाडीला गिऱ्हाईक मिळालं आहे. आपल्या कोपऱ्यावरचा बेकरीवाला. त्याला दुकानादुकानांतून पाव पोचवायला गाडी हवी आहे, महिनाअखेरीस बघायला येतो म्हणाला. तुझ्या बाजूची शिकवणीची जादा पेडलं आपण काढून टाकू, त्या जागी पावाचा एक ट्रे मावेल, असंही म्हणाला. मी मान डोलावली आणि घरी येऊन सगळ्या भांड्यांची आदळआपट केली.

दुसरं म्हणजे, गाडीला थोडी बुरशी आली आहे.

थोडी म्हणजे, परवा शेड उघडली, गाडीचं दार ओढलं, आणि आतून असा वास आला की मी आधी मागे वळून पाहिलं, आपल्या मागे कुणी मेलं तर नाही ना. स्टिअरिंगवर पांढरी लव. सीटवर हिरवट करडे ठिपके, काही बशीएवढे. पट्टे कडक होऊन वास मारताहेत. छताच्या कापडावर काळे नकाशे. दादाने घेतलेली आणि दादा गेल्यावर तू मोटार शिकवायची शाळा काढून चालवलेली ती गाडी, जिच्यात निम्मं गाव क्लच सोडायला शिकलं, तिला आता हात लावायला मोजे लागतील.

विकायची म्हणतेस तर विकू. गाडी तुझी, पाटी तुझी. त्या दिवशी त्या औषधाच्या दुकानातल्या मुलीने घाबरून ब्रेकऐवजी दुसरंच दाबलं, तू तुझ्या बाजूचा ब्रेक दाबलास, तरी गाडी बँकेच्या भिंतीवर गेलीच. कुणाला खरचटलंही नाही. पण तू ठरवलंस की तुझा पाय उशिरा गेला, तू म्हातारी झालीस, आणि उद्या कुणाचा तरी जीव घेशील. पाटी उतरवलीस आणि बहिणीकडे निघून गेलीस. मी वाद घालत नाही. एवढंच सांगते की गाडी गेली की तुला इकडे परत यायला कारण उरणार नाही, हे मला न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही.

घर मला खायला उठतं. झालं, लिहून टाकलं.

तुझी नणंद


९ ऑगस्ट

वहिनी,

उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र पोचलं.

मी साफसफाईला लागले. तुला माहीत आहे, नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळण्यात माझा जन्म गेला. राण्यांचे घागरे, सरदारांच्या मखमली, सगळ्यांवरची बुरशी मी पाहिली आहे. मोटारीच्या सीटने मला काय शिकवावं? मखमलीचा ब्रश घेतला, समोरचे मास्तर डोकावतात म्हणून शेडचं दार आतून लावून घेतलं, आणि खसाखसा झटकायला सुरुवात केली.

नाटकात भूत यायच्या आधी धूर सोडतात ना, तसं झालं. फरक इतकाच की त्या धुरात भूत मीच होते. सगळी बुरशी उठून हवेत गेली आणि आरामात खाली बसली. माझ्या केसांत, नाकात, आणि आजवर स्वच्छ असलेल्या मागच्या सीटवर. मी इतकी शिंकले की मास्तरांनी बाहेरून दार ठोठावून विचारलं, "आत किती जण आहात?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आज डोळे सुजले आहेत आणि बुरशी दुप्पट आहे. उद्या गरम पाण्याच्या बादल्या ओतून सगळं आतून धुऊन काढावं म्हणते. तुला काय वाटतं ते कळव, नाही कळवलंस तरी मी ओतणारच आहे.

तुझी नणंद


१६ ऑगस्ट

वहिनी,

तुझं कार्ड मिळालं. सहा महिन्यांत तुझं पहिलं अक्षर. मी ते मास्तरांना वाचून दाखवलं आणि मग आरशाला अडकवून ठेवलं. पुढच्या पिढ्यांसाठी इथे उतरवून काढते:

"वन्सं, बादली ओतू नका. कोरडं झटकू नका. गाडी बाहेर उन्हात घ्या, चारी दारं उघडा. नाक तोंड बांधा. ओल्या फडक्याने टिपून घ्या, पुसू नका. आत ओल आली कुठून?"

मला माहीतच होतं. मी मेले तर तू येशील की नाही सांगता येत नाही, पण मी काही चुकीचं करते आहे म्हटल्यावर तुझा पाय ब्रेककडे जाणारच. 'वन्सं' लिहिलंस, म्हणजे अजून राग आहे. असू दे. राग आहे म्हणजे काहीतरी आहे.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं. काचा बंद, दारं बंद, मग ओल आली कुठून? चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. तू साधं विचारलंस आणि मला घाम फुटला. म्हणून सांगून टाकते.

गाडी रिकामी नव्हती. आत राजा होता.

त्याचं असं झालं की कंपनीच्या कपडेपटाचं छप्पर दुरुस्तीला काढलं. कपडे कुठे ठेवायचे? घरात जागा होती, पण घरात तुझी खोली रिकामी करावी लागली असती, आणि ती मी करणार नव्हते. म्हणून गाडी. मागच्या सीटवर राण्या, डिकीत सैन्य, आणि राजाचा जड झगा हँगरला लावून पुढे, तुझ्या जागेवर. मुकुट डोक्याच्या उशीवर अडकवला. झगा धुतल्यावर अस्तर जरा दमट होतं, तेवढं गाडीत वाळेल असं मला वाटलं. मास्तरांनी एकदा शेडच्या फटीतून पाहिलं तेव्हा पुढे मुकुट घालून कुणीतरी बसलं होतं. ते आठवडाभर मागच्या रस्त्याने जात होते. मला काही बोलले नाहीत. मोठ्या मनाचा माणूस.

तर हा माझा पराक्रम. तुझ्या गाडीला बुरशी मी आणली. शिव्या दे. कार्डावर जागा पुरत नसेल तर पाकीट वापर.

कपडे सगळे वाचले आहेत आणि परत गेले आहेत, काळजी नसावी. गाडी मास्तरांनी आणि नाक्यावरच्या मिस्त्रीने ढकलून उन्हात आणली. मिस्त्री ढकलताना म्हणाला, "ताई, ही भंगारात द्या. आतल्या वासावर मी माणूस बसवणार नाही." मी म्हटलं, "तुला कुणी बसायला बोलावलंय? ढकल."

मग तू सांगितलंस तस्सं केलं. नाकाला मास्क, हातात मोजे. पाण्यात व्हिनेगर, फडकं बुडवायचं, टिपायचं, लगेच दुसरं घ्यायचं. पट्टे पार शेवटपर्यंत ओढून काढले आणि क्लिपा लावून ठेवले, कारण गुंडाळीच्या आतला भाग सर्वांत घाण होता. ए.सी.च्या जाळ्या कान कोरायच्या काड्यांनी साफ केल्या. सीटच्या शिवणीत दातांचा ब्रश. घाबरू नकोस, तुझा नाही.

त्यावर आमचा घरचा उपाय. जे कपडे धुता येत नाहीत त्यांवर आम्ही बिनवासाची दारू पाण्यात घालून फवारतो, घामाचा वास जातो. म्हणून दुकानात गेले आणि सर्वांत स्वस्त असेल ती द्या म्हटलं, चार बाटल्या. दुकानदाराने अदबीने विचारलं, "घरी कार्यक्रम आहे का?" मी म्हटलं, "नाही हो, गाडीला लागते." मागे रांगेत मास्तरांची सून उभी होती.

सध्या गाडी स्वच्छ आहे आणि गल्लीत मला अब्रू नाही. 

तुझी नणंद


२२ ऑगस्ट

वहिनी,

दुसरं कार्ड मिळालं. राजाबद्दल एक अक्षर नाही. फक्त "झालं ते झालं. बेकरीवाला नाही म्हणाला तर भंगारात द्या. माझ्यासाठी ठेवू नका."

आधी बातमी, मग भांडण.

बेकरीवाला ठरल्याआधीच येऊन गेला. गाडी चकचकीत होती. त्याने दार उघडलं, खाली वाकला, बाहेर आला आणि टोपी नीट केली. म्हणाला, "ताई, माझ्या धंद्यात दोन गोष्टींना दारात उभं करत नाहीत, उंदीर आणि ही." मी म्हटलं काहीतरीच काय, परवाच सगळी काढली. त्याने बोट दाखवलं. तुझ्या बाजूला, पायाशी, मॅटच्या कडेने पांढरी रांग उगवली होती. दोन दिवसांत. तो चांगला माणूस आहे, महिनाअखेरीस पुन्हा बघतो म्हणाला, पण ट्रेबद्दल काही बोलला नाही.

मी पुन्हा टिपलं. पुन्हा उन्हात ठेवली. पुन्हा आली. तिथेच. स्टिअरिंग कोरडं, मागची सीट कोरडी, छत कोरडं. फक्त तुझे पाय ठेवायची जागा.

आता भांडण. 'माझ्यासाठी ठेवू नका' म्हणजे काय? मी तुझ्यासाठी नाही तर कुणासाठी गाडीला दारू पाजत होते? उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. तिकडे बहिणीच्या गॅलरीत बसून तू 'भंगार' लिहितेस आणि तिकीट चिकटवतेस. इथे मी त्या सीटमध्ये डोकं खुपसून बसते तेव्हा मला तू ऐकू येतेस, 'आरसा बघ, आरसा बघ, पुढे काय बघतेस, पुढचं सगळ्यांनाच दिसतं.' मला कधी शिकवलं नाहीस. मी कधी म्हटलंही नाही, घरात एक चालवणारी पुरे असं वाटायचं. ते जाऊ दे.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. कपडेपटात नवी पोरगी आली की मी पहिल्या दिवशी सांगते, वास येत असेल तर वरचं कापड हुंगू नकोस, अस्तर उसव. बुरशी दिसते वर, राहते आत. आणि मी स्वतः इतके दिवस वरचंच पुसते आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. झग्याचं अस्तर दमट होतं खरं, पण झगा सीटवर होता, पायाशी नव्हता. मग पायाशी एवढं पाणी कुठून?

उद्या कार्पेट उसवते. मिस्त्रीला सीट काढायला बोलावलं आहे. नको म्हणायचं असेल तर तुझं कार्ड पोचेपर्यंत उशीर झालेला असेल.

तुझी नणंद


२४ ऑगस्ट

वहिनी,

हे पत्र बसून वाच. बहिणीला म्हणावं, चहा ठेव आणि इथेच थांब.

मिस्त्रीने तुझ्या बाजूची सीट काढली. कार्पेट मी काढलं, कडेच्या पट्टीपासून, शिवण उसवावी तसं. खाली जाड फेल्ट असतं, आवाज येऊ नये म्हणून घातलेलं. ते बोटभर जाडीचं असतं म्हणे. आपलं पाणी पिऊन उशी झालं होतं. उचललं तर बादलीभर पाणी निथळलं, आणि खालच्या बाजूला जी बुरशी होती तिच्यापुढे वरची काहीच नव्हती. ती सहा महिन्यांची नव्हती गं. पत्रा गंजून पापुद्रे सुटले होते. मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हर टोचून बघितला आणि म्हणाला, हे दोन-तीन वर्षांचं काम आहे. पुढच्या काचेखाली पाणी जायची नळी असते, ती पानांच्या चोथ्याने बंद झाली होती, म्हणून पाऊस बाहेर न जाता आत येत होता. तू सारखी म्हणायचीस ना, या गाडीत माझेच बूट दमट का राहतात? आणि आपण ए.सी.ला नावं ठेवायचो.

म्हणजे राजा निर्दोष सुटला. मीही. मी तिथेच बादलीवर बसून हसले.

पण थांब, हे सांगायला मी तुला बसायला सांगितलं नाही.

फेल्ट निथळत ठेवलं होतं. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी ते तसंच फुगलेलं परत जागेवर ठेवलं, वर कार्पेट, वर मॅट. आणि मिस्त्रीला म्हटलं, "आता वहिनीच्या बाजूचा ब्रेक दाब." त्याने हाताने दाबला. अर्ध्यावर जाऊन अडला. तो म्हणाला, "पेडल कडक झालंय." मी फेल्ट काढलं. म्हटलं, "आता दाब." पेडल पार खाली गेलं.

त्याने पुन्हा फेल्ट ठेवून दाबलं. अर्ध्यावर. पुन्हा काढून दाबलं. खाली. मग तो उठला, हात पुसले, आणि म्हणाला, "अपघातानंतर मी ताईंच्या बाजूचा ब्रेक बघितलाच नाही. त्या म्हणाल्या माझा पाय उशिरा गेला, मी ऐकलं. चाकांचे ब्रेक बघितले, ते ठीक होते."

तू म्हणालीस म्हणून कुणीच बघितलं नाही, वहिनी. रोजच्या शिकवणीत हळू थांबायला अर्धं पेडल पुरत होतं, म्हणून तुला कधी कळलं नाही. त्या दिवशी पूर्ण लागलं आणि खाली जागाच नव्हती. तुझा पाय उशिरा गेला नाही. तुझा पाय वेळेवर गेला होता. तू दाबलास, मनापासून दाबलास, आणि खाली एक भिजलेली उशी होती.

मी इतकी रडले की मिस्त्री गोंधळला. तो म्हणाला, "अहो ताई, ही चांगली बातमी आहे ना?" मी म्हटलं, "म्हणून तर."

सहा महिने तू स्वतःला म्हातारी म्हणत बसलीस. आरशात बघून म्हणत असशील. बहिणीचा जिना उतरताना पायाकडे बघून म्हणत असशील. सगळं एका पानांच्या चोथ्यापायी.

मी तुला ये म्हणत नाही. गाडी तुझी आहे आणि विकायची का ते तू ठरवायचं, पण आता खरं काय ते माहीत असताना ठरव. बेकरीवाल्याला मी सांगितलं आहे की मालकिणीचं पत्र येईपर्यंत थांब. तो थांबेल. त्याला घाई नाही, पाव तो सध्या सायकलवरच पोचवतो.

तुझी नणंद


२ सप्टेंबर

वहिनी,

आठवडा झाला. आधी मी पोस्टमनला दोष दिला, मग तुझ्या बहिणीला, मग स्वतःला. वाटलं, चुकलं माझं. माणूस दुःखाला सरावला की त्याच्या हातून ते काढून घेतलेलंही त्याला आवडत नाही. काल मास्तर म्हणाले, "तुम्ही फोन करा." मी म्हटलं, "तुम्ही तिला ओळखत नाही. ती उचलेल, गाडी विकली का विचारेल, आणि मी फोनवरच रडेन. फुकटचं हसं."

आज सकाळी तुझं पाकीट आलं. कार्ड नाही, पाकीट. मी ते उघडायच्या आधी हात धुतले.

आत एवढंच: "नवं फेल्ट किती जाडीचं बसवतोय ते मिस्त्रीला विचार. त्याला जाडजूड घालायची सवय आहे. पेडल पार खाली जाऊन वर बोटभर मोकळं राहिलं पाहिजे. नळी आधी साफ करून बादलीभर पाणी सोडून बघितलं का? माझ्या मते त्याने काहीतरी चुकीचंच बसवलं असणार. मी बघितल्याशिवाय कार्पेट लावू नकोस. बुधवारी दुपारच्या बसने निघते."

खाली, घडीत, वेगळ्या शाईने: "तीन वेळा वाचलं. तिसऱ्या वेळी ताईने हातातून काढून घेतलं."

वहिनी, मी तशीच मिस्त्रीकडे गेले. फेल्ट तो कालच घेऊन आला होता. पातळ, कोरडं, बरोब्बर मापाचं. ते ठेवून पेडल दाबून दाखवलं, पार खाली जातं, वर बोटभर जागा उरते. नळीतून पाणी सोडून झालं आहे, एक थेंब आत येत नाही. तो म्हणाला, "तासाभरात बसवून देतो, ताई येतील तेव्हा गाडी तयार."

मी म्हटलं, "हात लावशील तर याद राख."

तो म्हणाला, "अहो पण सगळं बरोबर आहे."

मी म्हटलं, "ते तुला आणि मला माहीत आहे. तिला सांगायचं नाही. बुधवारपर्यंत हे फेल्ट गुंडाळून ठेव, आणि ती आली की तोंड पाडून उभा राहा. ती म्हणेल जाड आहे, तर तू म्हण, हो ताई, जरा जाडच वाटतंय."

तुझी वाट बघणारी,
नणंद

ता. क. पोस्टमन हे पत्र आधी तुझ्या बहिणीच्या हातात देणार, हे मला माहीत आहे. तिनेच वाचावं आणि तू निघेपर्यंत तुझ्यापासून लपवावं म्हणून लिहिलं आहे. ताई, तिला बसमध्ये खिडकीशी बसवा, आणि निघताना तिने ड्रायव्हरला काही सुचवलं तर सुचवू द्या.